गळ्याच्या सांध्यातली ओल

गणपतीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून जानी बसली होती, आणि अख्खा कारखाना तिच्या तोंडाकडे बघत होता.

मूर्ती दीड फुटाची, शाडूची, अजून रंग न लागलेली. स्पंजच्या गादीवर उताणी निजवलेली. बुडाच्या भोकातून हात आत घालायचा, पोटातून वर सरकवायचा आणि जिथे गळा खांद्यांना जोडलेला असतो तिथे बोटांची पाठ टेकवायची. तळव्याचा उपयोग नाही. तळव्याला घट्टे पडलेले असतात, त्याला काही कळत नाही. बोटांच्या पाठीला कळतं. कोरडी माती क्षणात अंगाची ऊब घेते. ओली माती घेत नाही, गारच राहते.

जानीने हात बाहेर काढला.

"नाय," ती म्हणाली.

रंगाच्या बाजूने कोणीतरी चुकचुकलं. कारखान्याची देखरेख करणाऱ्या हर्षदने हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. फळ्यावर मोठ्या अक्षरात चारशे लिहिलं होतं आणि खाली दोनशे साठ. बुधवार होता. शनिवारी दुपारी जोह्याच्या नाक्यावर कंटेनर उभा राहणार होता.

"जानीबाई, वरून वाजवून बघ. खणखणीत हाय."

"वरून हाय. तुज्या पंख्यांनी वरची साल वाळवली, दादा. आत गळ्यात ओल हाय. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस तशाच हायत."

"किती दिवस?"

"पुढचा मंगळवार."

"मंगळवारी काय जहाजामागं पोहत जाऊ?"

रंगाच्या बायका हसल्या. जानी हसली नाही. तिने पुढची मूर्ती गादीवर घेतली.

या कारखान्यात जानीचं काम एवढंच होतं. मूर्ती वाळली की नाही ते सांगायचं आणि वाळली असेल तर बुडाशी, आतल्या कडेला, गेरूचं एक बोट लावायचं. गेरूचं बोट नसेल तर रंगाची बाई त्या मूर्तीला हात लावत नसे. असा लेखी नियम कुठे नव्हता. कारखान्याचे मालक महिपती शेठ, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं होतं.

जानी मूळची रोह्याकडची, कुंडलिकेच्या काठावरच्या वाडीतली. लहानपण वीटभट्ट्यांवर गेलं. दिवाळी झाली की बाप काळू, आई, जानी आणि धाकटा भाऊ, सगळे भट्टीवर. बापाला हजारावर मजुरी होती. हजार विटा पाडल्या की एवढे पैसे. त्यामुळे काळू झपाझप विटा पाडायचा आणि पुरत्या वाळायच्या आधीच भट्टीवाल्याच्या माणसाकडून मोजून घ्यायचा. मोजल्या की त्या विटा त्याच्या नव्हत्या. एका वर्षी भट्टी पेटल्यावर आतून फटाके वाजावेत तशा विटा फुटल्या आणि कच्च्या थरांसकट एक बाजू ढासळली. कोणी मेलं नाही. पण भाजणीवर असलेल्या माणसाचा पाय कायमचा वाकडा झाला. तो माणूस त्यांच्याच वाडीतला होता. बाप त्या रात्री जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच झपाट्याने विटा पाडायला बसला, कारण मजुरी हजारावरच होती. हे जानी कुणाला सांगत नसे.

लग्न होऊन ती जोह्याजवळच्या वाडीत आली. नवरा लवकर गेला. शेठच्या कारखान्यात ती माती मळायला लागली, आणि वर्षभरात शेठच्या वडिलांना कळलं की ह्या बाईला ओल कळते.

तेव्हा कारखान्यात पात्या होत्या. तीन-चार बायकांची एक पाती. तीच साच्यात माती दाबायची, तीच मूर्ती काढून घासायची, तीच रंगवायची. डोळ्यांची आखणी फक्त शेठ स्वतः करायचे. मूर्ती तडकली तर ती कुठल्या पातीची हे सगळ्यांना ठाऊक असायचं. हौसा म्हातारी तर आपल्या पातीची मूर्ती पेणच्या बाजारात लांबून ओळखायची. म्हणायची, "बघ, माजा पोरगा चालला."

मग शेठने धंदा बदलला. आजूबाजूला प्लास्टरच्या मूर्तींचे ढीग लागत होते आणि दर वर्षी भाव पडत होता. शेठने ठरवलं, आपण ढिगात उतरायचं नाही. फक्त शाडू करायचं, थोडं करायचं आणि परदेशातल्या मराठी मंडळांना द्यायचं. गेल्या वर्षी साठ मूर्ती गेल्या आणि साठच्या साठ धड पोचल्या. माल तिकडे पाठवणारा वाशीचा व्यापारी खूश झाला. यंदा चारशे मागितल्या. बोलता बोलता एवढंच म्हणाला, की पेटी उघडल्यावर एकही तडकलेली निघाली तर पुढच्या वर्षी मी दुसरं दार बघीन.

चारशे म्हटल्यावर शेठ घाबरले आणि त्यांनी भाच्याला बोलावलं. हर्षद रोह्याचा, धाटावच्या एका कंपनीत सात वर्षं शिफ्ट सांभाळलेला. पोरगा कष्टाळू होता आणि मनाने वाईट नव्हता. आल्या आल्या त्याने पात्या मोडल्या. भिंतीवर एक तक्ता लावला. वर एक चौकोन, मामाचा. त्याखाली एक, हर्षदचा. त्याखाली चार: साचा, सुकवण, रंग, पॅकिंग. प्रत्येक विभागाला रोजचा आकडा. आकड्याच्या वर जे जाईल त्यावर जादा पैसे. आणि शनिवारी चारशे भरल्या तर सगळ्यांना मोठा बोनस, हर्षदला धरून.

तक्ता लावला त्या दिवशी हौसा चष्मा वर करून म्हणाली होती, "आमी कुठल्या खुराड्यात, रं बाबा?"

"पहिल्या. साचा."

"आनि जानी?"

"दुसऱ्या."

"एकटीच? मग तिला पिल्लं कवा होयाची?"

सगळा कारखाना हसला होता, हर्षदसुद्धा. महिनाभर कामही सुसाट झालं. साच्याचा विभाग आकड्याच्या पुढे धावला. फळ्या भरल्या, मग जमिनीवर मूर्ती आल्या. चैत्राचं ऊन होतं खरं, पण संध्याकाळी धरमतरच्या खाडीवरून दमट वारा येई आणि दिवसभर सुकलेलं पुन्हा मऊ करून जाई. जानीची सुकवण मागे पडली. हर्षदने रोह्याहून सहा मोठे पंखे आणले. पंख्यांनी साल वाळली आणि ओल आत कोंडली. पूर्वी घाईने काढलेली मूर्ती त्याच पातीच्या अंगावर यायची. आता साच्याच्या बायका मूर्ती मोजून दिल्या की मोकळ्या होत होत्या.

काळूसारख्या, असं जानीच्या मनात आलं.

बुधवारी संध्याकाळी वाडीत ती भाकरी थापत होती. भावाची मुलगी करिश्मा दारात पाय पसरून बसली होती. बारावी झाल्यावर जानीनेच तिला रोह्याहून आणून रंगाच्या विभागात लावलं होतं. पोरीचा हात हलका होता, सोवळ्याच्या काठाला तर तोड नव्हती. पेणला तिने एक जुनी स्कूटी बघून ठेवली होती. स्कूटी असती तर संध्याकाळचा संगणकाचा क्लास करता आला असता. बसच्या वेळा जमत नव्हत्या. स्कूटीवाला शनिवारपर्यंत थांबणार होता.

"आत्या, तुजं बोट काय सोन्याचं हाय?"

जानीने पिठाचा पुढचा गोळा घेतला.

"समदी मला बोलत्यात. तुजी आत्या आमच्या तोंडचा घास काढतेय म्हनत्यात. हौसाआजी पन बोलली."

"काय बोलली?"

"जानीला एकटीला ओल कळते, बाकी आमी काय गाढवं वळली का आयुष्यभर."

जानीने भाकरी उलटली. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, वरून सुकलंय तर रंग धरंल. पुढचं पुढं. परदेशात तडकली तर इथं कुनाला दिसनार?"

"मूर्ती कुनाच्या घरात तडकंल, गो. पूजेत."

"ते घर आपल्याला बोनस देनार हाय का?"

पोरीच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि हेच जानीला अवघड गेलं. उत्तर होतं, पण ते सांगायला वाकड्या पायाच्या माणसापासून सुरुवात करावी लागली असती. तिने भाकरी चुलीच्या निखाऱ्यांवर सरकवली. पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी करिश्मा नेहमीपेक्षा आधीच्या बसने पुढे गेली. जानी पोचली तेव्हा रंगाच्या टेबलांवर चाळीस मूर्ती रांगेत उभ्या होत्या. त्यांना पांढऱ्याचा पहिला हातही बसला होता. जानी समोर उभी राहिली. तिने एक मूर्ती कलती करून बुडाशी पाहिलं. गेरूचं बोट होतं.

दुसरी पाहिली. होतं. तिसरी. होतं.

ती बोटं तिची नव्हती. तिचं बोट रुंद, दाबून लावलेलं आणि कडेला फाकलेलं. ही बोटं बारीक होती, हलकी, काठ आखावा तशी नीट. जानीने मान वर केली नाही. मान वर केली असती तर नजर तिथेच गेली असती, आणि तिच्या मागून सगळ्यांची गेली असती. तिला एवढंच दिसलं की टेबलाच्या पलीकडे एक हात ब्रश धरून थांबलाय, आणि नखाच्या कडेला लालसर कोर आहे.

हर्षद पलीकडून आला. "चाळीस सुटल्या वाटतं. शाबास जानीबाई!"

आता बोलली असती तर पोरगी त्याच दिवशी कामावरून गेली असती, आणि वाडीत, रोह्यात, भावाच्या दारात तोंड दाखवायला जागा उरली नसती. नसती बोलली तर चाळीस ओले गणपती समुद्रापार गेले असते, तिच्या नावाच्या गेरूसकट. आणि उद्या उरलेले शंभर.

"ती बोटं माजी नायत," जानी म्हणाली.

ब्रश थांबले.

"मग कुणाची?"

"ते इचारू नको, दादा. ओल हाय का, ते इचार."

हर्षदचा चेहरा लाल झाला. त्याने आदल्या दिवशी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, बोट कुणाचंही लागलं तरी गेरू तोच ना! तो विनोद होता. आता तो विनोद त्याच्याकडे वळून बघत होता.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "सुकवण विभाग माझ्या हाताखाली आहे. मी सांगतो, ह्या पास. उरलेल्यांना तू बोट लाव. नाहीतर घरी जा. उद्यापासून नको येऊस."

जानीने डोक्यावरचा पदर नीट केला. ती घरी गेली नाही. चाळीस मूर्तींच्या समोर, वाटेतच, मांडी घालून बसली. कोणाला पॅकिंगकडे मूर्ती न्यायची तर तिला ओलांडून न्यावी लागली असती, आणि बसलेल्या बाईला ओलांडून गणपती नेणार कोण?

"ए बाय, ऊठ गो," हौसा कासावीस होऊन म्हणाली. "नोकरीचा सवाल हाय."

"शेठला बोलवा."

शेठ वाशीला व्यापाऱ्याकडे गेले होते. हर्षदने फोन केला. ते येईपर्यंत तीन तास गेले. पंखे फिरत होते. करिश्मा एकच काठ पुन्हा पुन्हा पुसून काढत होती.

महिपती शेठ आले, चपला न काढता आत आले. हर्षदने थोडक्यात सांगितलं आणि खरं तेच सांगितलं. एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. बोटांचा विषय मात्र त्याने काढला नाही.

"जानी, चारशे नाही गेल्या तर मी काय सांगू त्याला?" शेठचा आवाज थकलेला होता.

"एक कापा," जानी म्हणाली.

"काय?"

"ह्यातली एक. तार लावून गळ्याशी कापा. आत सुकी निघाली तर मी चालले. परत इथं दिसनार नाय."

बायकांत कुजबुज झाली. पांढरा हात बसलेल्या, सोंडेचा घाट उतरलेल्या गणपतीच्या गळ्याला तार? हौसाने दोन्ही हात कानाला लावले. "बाप्पाचा गळा, गो? तुज्या जिभंला काय हाड?"

"त्यात अजून बाप्पा नाय, हौसाय. ओल हाय."

शेठने पायातल्या चपला काढल्या. मग त्यांनी स्वतःच माती कापायची तार घेतली. मूर्तीला आधी हात जोडले. तार गळ्यामागून घातली आणि दोन्ही टोकं धरून ओढली. वरची साल करकरत तुटली; दोन बोटं आत गेल्यावर आवाज थांबला आणि तार लोण्यातून जावी तशी सरकली.

कापलेल्या जागी कडेला फिकट, कोरडं कडं होतं. आत सगळं काळपट. शेठने अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा उमटला.

हर्षद पुढे आला, वाकला, त्यानेही अंगठा दाबला. दुसरा ठसा. तो मागे सरला आणि पंख्यांची बटणं एकेक करून बंद करू लागला. एकाएकी इतकी शांतता झाली, की बाहेर नाक्यावर थांबलेल्या एसटीचा कंडक्टर पेण, पेण ओरडत होता तेही ऐकू आलं.

शेठ स्टुलावर बसले. "मीच बोललो होतो, थोडं करायचं पण धड करायचं," ते तक्त्याकडे बघत म्हणाले. "आणि पैसे लावले आकड्यावर." मग जानीकडे वळले. "तुझ्यासाठी वेगळं करतो. जेवढ्या ओल्या पकडशील तेवढ्यांवर तुला बोनस. मूर्तीमागे."

जानी चटकन म्हणाली, "नको."

"का?"

"मग मी सुक्यापन ओल्या म्हनीन, शेठ. मानसाचा हात हाय. पैशाकडं वळतो." तिची नजर कापलेल्या गळ्यावर होती. "माजा बाप हजारावर विटा पाडायचा. वाईट नव्हता तो." पुढचं ती बोलली नाही. "मला रोजावरच ठेवा. फकस्त त्या चौकोनातनं काढा."

"कुठे ठेवू? हर्षदच्या वर?"

"वर नको. खाली पन नको. ज्याला आकडा भरायचाय त्यानं मला 'लाव बोट' म्हनायचं नाय, येवढंच."

शेठने हर्षदकडे पाहिलं. हर्षदने मान हलवली. ती हो होती की नुसतीच हलली, हे कळलं नाही.

"आणि बाकीच्यांचा बोनस?" शेठ अर्धं स्वतःशीच बोलले. "मूर्ती तिकडे धड पोचल्या की द्यायचा. सगळ्यांना मिळून. पात्या पुन्हा लावू."

"म्हंजे गनपती बुडवून झाल्यावर?" हौसा म्हणाली. "तवर आमी बुडलो तर?"

कोणी हसलं नाही. हौसाने तो विनोद म्हणून सांगितलाच नव्हता. शेठ म्हणाले, निम्मा आत्ता देतो, निम्मा पोचल्यावर, आणि तेही शनिवारी काय जातं ते बघून. मग फोन घेऊन बाहेर गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. बराच वेळ ते फक्त ऐकत होते.

आत आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की जेवढ्या सुक्या तेवढ्याच जातील. पुढच्या वर्षीचं व्यापारी आता काही बोलत नाही.

त्यांनी चाळीस मूर्तींच्या बुडाशी ती बारीक बोटं पाहिली होती. जानीला ते दिसलं. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि शेठने विचारलं नाही.

शुक्रवारी कडक ऊन पडलं. हर्षदने पहाटेच उरलेल्या मूर्ती पुढच्या अंगणात मांडल्या, एकेकीमध्ये वीतभर अंतर ठेवून, बुडं उन्हाकडे करून. असं मांडायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जानीने दोन वेळा सगळ्या फिरून पाहिल्या. मग वारा सुटायच्या आत त्या पुन्हा फळ्यांवर गेल्या.

शनिवारी दुपारी कंटेनर नाक्यावर उभा राहिला. दोनशे साठ पेट्या चढल्या. उरलेल्यांतल्या लहान बांध्याच्या काही सुकल्या असतील म्हणून जानी पुन्हा गादीपाशी बसली. मूर्ती आणून द्यायला कोणीतरी हवं होतं. नेहमीची बाई पॅकिंगला होती. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

करिश्मा उठली. दोन दिवस ती आत्याशी बोलली नव्हती. भाकरीसुद्धा वेगळी वाढून घेतली होती. तिने पहिली मूर्ती आणली, उताणी ठेवली आणि खांद्यांशी धरून राहिली. तिची नजर गादीवर होती.

जानीने हात आत घातला. "व्हय," म्हणाली, आणि गेरूत बोट बुडवलं. आता रंगवायला वेळ नव्हता. ही पुढच्या कुठल्यातरी खेपेला जाणार होती, किंवा पेणच्याच बाजारात. तरी तिने बोट लावलं.

दुसरी. व्हय. तिसरी. व्हय.

"स्कूटीवाल्याचा फोन आलेला," करिश्मा खालच्या मानेने म्हणाली. "दुसऱ्याला दिली त्यानं."

जानीचा हात चौथीच्या पोटात होता. तिने तो लगेच काढला नाही. बाहेर कंटेनरचं दार ओढल्याचा आवाज आला, मग कडी बसल्याचा. हर्षद फळ्यासमोर उभा होता. चारशेचा आकडा त्याने पुसला होता आणि नवा लिहायचा की नाही ते ठरत नव्हतं.

जानीने हात बाहेर काढला. बोटांची पाठ लुगड्याला पुसली.

"ही नाय," ती म्हणाली.

करिश्माने मूर्ती उचलली, परत फळीवर नेऊन ठेवली आणि पाचवी आणायला वळली.